तो कागद तू तपासायला नको होतास

उत्तम, तू गेलास त्याला आज नऊ दिवस झाले. त्यातले पहिले चार दिवस मी रडलो आणि पुढचे पाच दिवस तुला शिव्या देतोय. लोक घरी येतात, "सर, जोडीदार गेला तुमचा," म्हणून माझा हात धरतात. मी मान हलवतो. त्यांना काय सांगू, की मला रडू येत नाहीये, माझं टाळकं फिरलंय म्हणून? तू आत्ता समोर असतास ना, तर कॉलर धरली असती तुझी. देऊळघाटच्या शाळेत पाचवीत असताना एकदा धरली होती. त्यानंतर पन्नास वर्षांत गरज पडली नव्हती.

तुला माहीत नाही, तुझ्या चितेपाशी मी काय बोललो ते. आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. त्रिशरण-पंचशील झालं, अग्नी दिला, की कोणीतरी भोंग्याची वायर जोडतो आणि एकेक जण उठून चार शब्द बोलतो. सरपंच बोलले. तुझ्या आयटीआयमधले दोघं बोलले, सुतारकाम शिकवावं तर उत्तमरावांनी, असं म्हणाले. मग माझ्या हातात माईक आला. काही सुचेना. म्हणून मी तोच किस्सा सांगितला, जो गेली नऊ वर्षं लग्नात, बारशात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, जिथे जमेल तिथे सांगत आलो. उत्तमनं स्वतःच्या हातानं स्पीकरचे डबे बनवले. माझ्या विकतच्या स्पीकरांशी त्यांची पडद्याआडून परीक्षा लावली. दहापैकी आठ वेळा माझे जिंकले. आणि या माणसानं हसत हसत, एका शब्दाची सारवासारव न करता, "हरलो बे वासू" म्हणून कबूल केलं. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. मी तुझी ती मान वाकडी करून बोलायची लकबही करून दाखवली. स्मशानात लोक हसले, उत्तम. तू तिथे जळत होतास आणि मी तुझ्या हरण्यावर लोकांना हसवलं. सिंधूवहिनी बायकांमध्ये समोर बसल्या होत्या. तुझी लेक प्रज्ञा आईच्या खांद्याला धरून होती.

आणि ते सगळं खोटं होतं. अथपासून इतिपर्यंत खोटं. आठ वेळा तुझे डबे जिंकले होते.

हे मला चौथ्या दिवशी कळलं. नऊ वर्षांनी आणि चार दिवसांनी. काऊन बे? काऊन असं केलंस?

आपल्या दोघांनाही कानाचा रोग होता हे मान्य. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा, मासिकं वाचून, आकडे पाहून स्पीकर पसंत करणारा. तू लाकडाचा माणूस. भंगारातून स्पीकर आणायचास, प्लायवूडचा डबा करायचास, मागे पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवायचास, आत गादीचा पिंजलेला कापूस भरायचास. मग बोटाच्या पेरानं डब्यावर टकटक करून म्हणायचास, "डबा नाई बोलला पाह्यजे, स्पीकर बोलला पाह्यजे." मी तुला कंपन्यांची नावं सांगितली की तू कान खाजवायचास. "तू डोयानं आयकतं बे, वासू. नाव वाचलं का तुले आवाज गोड लागते." मी म्हणायचो, अरे, ज्याला जे आवडतं ते त्याचं, त्यात परीक्षा कसली घ्यायची? तू म्हणायचास, "आवडलं हे तरी कानानं ठरू दे." या एका वादावर आपण दोघांनी किती चहा ढोसला असेल याचा हिशेब नाही.

त्या वादातूनच पडदा आला. तुझ्या समोरच्या खोलीत दोरीवर पांढरी चादर. तिच्यामागे दोन्ही जोड्या शेजारी शेजारी. घरच्या दिव्याच्या बटणांचा बोर्ड काढून तू बदली करायचं बटण बनवलंस. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर आणून दोन्हींचा आवाज सारखा करायचो, कारण जो जरा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, हे मी तुला शिकवलं होतं. बटण सिंधूवहिनींकडे. त्या नाणं उडवून ठरवायच्या की आधी कोणाची जोडी वाजवायची, आणि आपल्या कागदावर लिहायच्या. इकडे बसणाऱ्यानं फक्त एवढंच लिहायचं: पहिला आवडला की दुसरा. अशा दहा फेऱ्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून मोजायचं. आणि वाजवायचं काय, तर तुझी भीमगीतं, माझी नाट्यगीतं, आणि तिसरी ती तुझी खास टेप, ज्यात तुझी आई सुपानं तूर पाखडत होती. "गाणं खोटंही गोड लागते," तू म्हणायचास. "सूप मातर खोटं वाजलं का लगेच समजते." ही अक्कल तुला कुठून आली होती रे? मी इतकी वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, मला सुचलं नसतं.

नियम एकच होता आणि तो तू घातलेला. पडद्यामागं नाव न्यायचं नाही, आणि जे निघालं ते तोंडावर सांगायचं. सांगितलंही तू, कोणाची भीड न ठेवता. ते दातांचे डॉक्टर आठव. परदेशातून आणलेले इवलेसे स्पीकर रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. तू निकाल वाचलास, "डॉक्टरसाहेब, याच्यापरीस तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा डबा बरा वाजला, तोही तुमच्याच कानाले." दोन वर्षं बोलले नाहीत ते आपल्याशी. माझ्या पहिल्या जोडीलाही तू सोडलं नव्हतंस. चादरीआडून डोकं काढून दात विचकत म्हणालास, "वाश्या, तुह्या राजवाड्याले माह्या खुराड्यानं हाणलं." मी चार दिवस फुरंगटून बसलो होतो. पण विश्वास बसला तो तिथेच, की हा माणूस आपल्या बापाला सुद्धा खोटा निकाल सांगणार नाही.

मग मंगलची ती जोडी आली.

बायको माझी, पण तिला गाण्यातलं काही कळायचं नाही, हे ती स्वतःच सांगायची. पुण्याला तिच्या बहिणीकडे गेलो होतो, तिथल्या दुकानात मी तिला नुसती सोबत म्हणून नेलं. ती खुर्चीत बसली, पदर सावरला, डोळे मिटले आणि दुकानदारानं लावलेलं गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "हे घ्या. यात माणूस समोर बसल्यासारखा वाटते." आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या नादात आली होती. त्यानंतर आठ महिन्यांत ती वारली. त्या आठ महिन्यांत रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्या स्पीकरांसमोर बसायचो, हे तुला मी सांगितलेलं होतं. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मीच तुझ्या मागे लागलो. मंगलचे स्पीकर आणि तुझी नवी जोडी, लावून टाकू एकदाची. तू टाळत होतास. कधी डब्याचा डिंक वाळायचा आहे, कधी प्रज्ञाची परीक्षा आहे, कधी आयटीआयमध्ये तपासणी आहे. मला वाटलं, घाबरला. मी तसं तोंडावर म्हणालोही. शेवटी एका रविवारी सकाळी छोटा हत्ती टेम्पोत स्पीकर टाकून मी बुलढाण्याहून थेट तुझ्या दारात उभा राहिलो. तू बनियनवर दाढी करत होतास. अर्ध्या गालाला फेस, आणि म्हणालास, "राहू दे ना बे वासू. तुले आवडते ना ते? मंग झालं." तू, म्हणजे तू, जो जन्मभर म्हणत आलास की आवडलं हे कानानं ठरू दे! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला मंगलचा कान खरा ठरवायचा होता. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मी इकडे बसून लिहीत होतो, तू वहिनींबरोबर पडद्यामागे होतास. दहा फेऱ्या झाल्या. तू दोन्ही कागद घेतलेस, खिडकीपाशी गेलास, पाठ करून उभा राहिलास. इतक्या वेळा आपण परीक्षा घेतल्या, पण मोजताना आपण दोघं नेहमी एकत्र बसायचो. त्या दिवशी मी खुर्चीतच बसून राहिलो. इतकी वर्षं दहावीचे पेपर तपासले मी, आणि ज्याचा पेपर त्याच्याच हातात तपासायला दिला! तू वळलास. "तुहेच. दहातले आठ. हरलो बे वासू." वहिनी तुझ्याकडे बघत होत्या, तर तू त्यांना म्हणालास, "पाहून काय राह्यली? चाय ठेव." आणि मी तुझ्या गळ्यात पडलो आणि ढसाढसा रडलो. ती गेल्यानंतर तेवढा मी पहिल्यांदाच मोकळा झालो होतो. हे मी नाकारत नाही. तेवढं तुझं देणं लागतो मी. पण उत्तम, त्या एका रडण्यापायी तू काय काय घालवलंस, ते बघ आता.

मी गावभर सांगत सुटलो. तू सांगू दिलंस. लोक तुझ्याकडे डबे करून घ्यायला यायचे ना, देऊळघाटहून, चिखलीहून, अगदी साखरखेर्ड्याचे ते दोघं भाऊसुद्धा आले होते. त्यांना तूच म्हणालास, "विकतचेच घ्या, सराइचे पाह्यले ना? आपल्यात नाई तेवढी गोष्ट." मला वाटलं, तुला अक्कल आली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर्षभरात तू डब्यांचं काम सोडलंस. परीक्षेतल्या तुझ्या त्या जोडीतले स्पीकर काढून टाकलेस. तिचे डबे, ज्यांच्या कडा तू घासकागदानं आरशासारख्या केल्या होत्यास, त्यातला एक आज तुझ्या दाराशी आहे, त्यात चपला ठेवतात. दुसऱ्यात प्रज्ञाची जुनी पुस्तकं आहेत. नऊ वर्षं मी तुझ्याकडे येतोय आणि त्या डब्यात चपला काढून ठेवतोय, आणि तू एक शब्द बोलला नाहीस.

चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो तेव्हाही तिथेच चपला काढल्या. प्रज्ञा आत होती, वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वहिनी, परवा मी बोललो ते उत्तमला आवडलं असतं, नाही?" वहिनींनी दाराशी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, तो किस्सा आता नका सांगत जाऊ."

"का? काय झालं?"

"ते जित्ते होते तवरिक मले बोलायची बंदी होती. म्हून मी बोलली नाई. आता ते नाईत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आठ त्याईचे होते. तुमचे दोन."

मी म्हणालो, वहिनी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, नऊ वर्षं झाली. आवाज चढला माझा. शोकाच्या घरात मी आवाज चढवला, उत्तम. त्या मात्र हलल्या नाहीत.

"बटन माह्या हाती होतं ना भाऊजी? मी त्याईच्या मांगं उभी राहून दोनी कागद पाह्यले. त्याईनं ते नंतर चुलीत टाकले. पण तुमाले आठवते का, चवथ्या खेपीले तुम्ही काय वरडले?"

मला आठवत होतं. मला अगदी नीट आठवत होतं. चौथ्या फेरीत दुसरी जोडी वाजली आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो होतो, "हेच! हेच ते! मंगलनं दुकानात ऐकलं ते हेच!"

"तवा याईचे डबे वाजून राह्यले होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही असे वरडले, आन् हे तिकडं पडद्यामांगं मटकन् खाली बसले. मंग काय सांगतीन तुमाले ते? कसं सांगतीन?"

आता बोल. काय बोलतोस?

मी सांगतो तुला. नियम तू घातला होतास, की पडद्यामागं नाव न्यायचं नाही. आणि तूच माझ्या बायकोचं नाव पडद्यामागं नेलंस. मी बाहेर ओरडलो, ठीक आहे, मी दुःखात वेडा झालेला माणूस होतो. पण तू तपासनीस होतास! तुला कोणी अधिकार दिला, मला काय सोसवेल आणि काय नाही हे ठरवायचा? मी काय लहान पोर होतो? त्या दातांच्या डॉक्टरला खरं सांगू शकलास, मला का नाही? डॉक्टरला माणूस समजलास आणि मला काय समजलास? सांगितलं असतंस तर मी चार दिवस रुसलो असतो, महिनाभर रुसलो असतो, मग आलो असतो ना तुझ्याच दारात. दुसरं दार होतं का मला? आणि तुझे डबे आज जिल्हाभर वाजत असते. तू खोटं बोललास, आणि त्या खोट्याचा गावोगाव प्रचार करायला मला ठेवलंस. नऊ वर्षं मी भाड्यानं लावल्यासारखा तुझी बदनामी करत हिंडलो, आणि तू मला चहा पाजत राहिलास!

प्रज्ञा आतून दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिला म्हणालो, "बेटा, मला माहीत नव्हतं." ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कोणी अनोळखी माणूस आहे.

"काका," ती म्हणाली, "मी सातवीत होते. मी बाबांना म्हटलं, मला डबे बनवायला शिकवा. बाबा म्हणाले, हरलेल्याजवळून काय शिकतं, अभ्यास कर. आणि तुम्ही दर दिवाळीले येऊन तो किस्सा सांगायचे. माह्या मैत्रिणींसमोर सांगायचे. माह्या साखरपुड्यात सांगितला तुम्ही. मी नऊ वर्षं समजून राह्यले का माझ्या बापाले काही जमत नव्हतं, म्हणून त्यानं सोडून दिलं."

मी तिच्याजवळ जायला उठलो. ती मागे सरली. "मले नका सांगू," ती म्हणाली. "जिथं लोकाइले हसवलं ना, तिथं सांगा."

पुण्याला नोकरी करणारी ती मुलगी, एरवी किती शुद्ध बोलते. रागात अगदी तुझ्यासारखी बोलली.

मी घरी आलो आणि पहिलं काम केलं ते हे, की मंगलचे स्पीकर लावले. मला त्यांना नापास करायचं होतं. दार लावून घेतलं, डोळे मिटून बसलो, कान टवकारून चुका शोधत होतो, म्हटलं आता सगळं कळूनसवरून ऐकतोय, आता तरी यांचा खोटेपणा दिसेल. आणि उत्तम, ते मला गोडच लागले. हरामखोरा, तेवढेच गोड लागले! समोर माणूस बसल्यासारखं वाटलं. मंगल शेजारी बसल्यासारखं वाटलं. तेव्हा मला कळलं की तू त्या खिडकीपाशी पाठ करून का उभा होतास आणि तुला कशाची भीती वाटली होती: खरं सांगितलं तर ही शेजारची मंगलही जाईल माझी. मग मी उठून स्पीकर बंद केले आणि तुला इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की शेजारचे जोशी काका काय झालं म्हणून विचारायला आले. आपला तो वाद, आवडणं कानानं ठरतं की कशानं, तो मी जिंकलोय असं मला वाटतं. तुझ्यासमोर मांडायला मुद्दा पहिल्यांदा माझ्या हातात आलाय. आणि तू गचकलास. असा कसा रे तू, ऐन वेळेला उठून जाणारा?

एवढ्यावरही मी तुला माफ केलं असतं कदाचित. पण सहाव्या दिवशी वहिनींना तुझ्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद सापडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचा आलेख काढून त्याच्यावर स्वच्छ लिहिलं होतं, ताबडतोब संभाजीनगरला जा. तू घरी येऊन काय सांगितलंस? "काई निघालं नाई. पित्त आहे." आणि त्या दिवशी दुपारी माझ्याकडेही आलास. माझ्यासमोर बसून शेंगदाण्याचा लाडू खाल्लास. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?" तर म्हणालास, "डॉक्टर म्हणे, तुहा दोस्त तुले लय बोर करते, त्याच्यानं पित्त झालं." मी हसलो. पाच दिवसांनी तू गेलास.

आता कळतंय मला तुझी रीत. ज्याला जो निकाल सोसेल तो सांगायचा, आणि खरा कागद खिशात नाहीतर चुलीत. सगळ्यांना तू सांभाळलंस म्हणे. सिंधूवहिनींना सांभाळलंस? आज त्या ओट्यावर एकट्या बसतात. प्रज्ञाला सांभाळलंस? तिचं लग्न दिवाळीनंतर आहे. खरं सांगितलं असतंस तर मी त्याच संध्याकाळी तुला गाडीत कोंबून नेलं असतं, तू नाही म्हणाला असतास तर पाय धरून नेलं असतं. तू आम्हाला संधीच दिली नाहीस. ह्या गोष्टीचा मला सर्वात जास्त राग आहे, आणि हा राग जाणार नाही. तो स्पीकरांचा कदाचित जाईल. हा नाही.

परवा रविवारी तुझा जलदान विधी झाला. विहारासमोर मांडव होता, तुझ्या फोटोला पांढरा हार होता. वंदना झाली. बौद्धाचार्यांनी ज्यांना पुण्यानुमोदनपर बोलायचं आहे त्यांनी यावं असं सांगितलं, आणि मी कोणी नाव घ्यायची वाट न बघता उठलो. लोकांच्या तोंडावर हसू आलं. सर उठले म्हणजे किस्सा येणार. प्रज्ञा पहिल्या रांगेत होती, खाली बघत होती.

मी सरळ सांगितलं. म्हणालो, "मी स्मशानात तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं. उत्तमचे डबे जिंकले होते. दहापैकी आठ वेळा मी स्वतः, या माझ्या कानांनी, त्याचे डबे निवडले. त्यानं मला निकाल उलटा सांगितला. तो हरला नव्हता."

काय झालं असेल सांग? टाळ्या पडल्या. जलदानात टाळ्या! मागून कोणीतरी म्हणालं, "वा सर." आणि सरपंच उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक घेऊन म्हणाले, "पाहा मंडळी. मेलेल्या मित्रासाठी आपली जीत सोडून देली सरांनी. याले म्हणते दोस्ती!" पुन्हा टाळ्या. तुझं खोटं नऊ वर्षं सगळ्यांनी खरं मानलं, आणि माझं खरं यांना एका मिनिटात सौजन्य वाटलं. मी माईक हिसकावला, उत्तम. सरपंचाच्या हातातून. ओरडलो, "सोडून दिली नाही! मी हरलो! कळतं का तुम्हाला? मी हरलोय!" भोंगा किंचाळला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोघं जण मला बसवायला पुढे आले, "सर, शांत व्हा, पाणी घ्या," म्हणत. मला दुःखानं भ्रम झाला असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी प्रज्ञाकडे पाहिलं. तीही तशीच बघत होती. तिलाही आता खात्री राहिली नव्हती, की मी खरं बोलतोय की तिच्यासाठी बोलतोय.

तेव्हा सिंधूवहिनी उठल्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला आणि बायकांमधून वाट काढत पुढे आल्या. आजवर त्या माईकसमोर कधी उभ्या राहिल्या नाहीत, वस्तीतल्या भीमजयंतीलासुद्धा तू त्यांना पुढे ढकललंस तरी नाही. त्यांना माईक धरायचा कसा हेही माहीत नव्हतं, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"सर खरं बोलून राह्यले," त्या म्हणाल्या. "बटन माह्या हाती होतं. आठ खेपी सराइनं प्रज्ञाच्या बाबाचा डबा निवडला."

सरपंच खाली बसले. वहिनी माईक मला देऊन परत जायला वळल्या, तर प्रज्ञा खुर्चीवरून उठली. तू गेलास त्या दिवशीही ती पोर मोठ्यानं रडली नव्हती. आता तिला नीट बोलताही येत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "अजून एक खेप सांग."

वहिनींनी माझ्या हातातून माईक परत घेतला आणि पुन्हा एकदा सांगितलं.